औषधशोधातील एलसी-एमएस/एमएस

द्रव क्रोमॅटोग्राफी आणि दोन टप्प्यांची मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोड. मिश्रणातले घटक आधी कॉलममध्ये वेगळे होतात, मग त्यांचे आयन वस्तुमान-भार गुणोत्तरानुसार (एम/झेड) निवडून मोजले जातात. द्रवातून थेट आयन मिळवून देणाऱ्या इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीवरील कामासाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

औषधशोधात या यंत्राचे रोजचे काम म्हणजे यकृत एखादा रेणू किती वेगाने मोडते हे पाहणे. यकृताचे मायक्रोसोम (यकृतपेशींतल्या एन्झाइमयुक्त पटलांचे कण; प्रथिन ०.५ मिग्रॅ/मिली), पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर आणि १ मायक्रोमोलर औषध ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. औषध इतके कमी घेण्याचे कारण असे की एन्झाइम संपृक्त झाले तर घट प्रथम श्रेणीची (उरलेल्या औषधाच्या प्रमाणात होणारी) राहत नाही आणि पुढचे गणित कोलमडते. १ मिलिमोलर एनएडीपीएच (ऑक्सिडेशन करणाऱ्या एन्झाइमांना लागणारा सहघटक) घातले की घड्याळ सुरू. ०, ५, १५, ३० आणि ४५ मिनिटांना ५० मायक्रोलिटर काढून १५० मायक्रोलिटर गार ॲसिटोनायट्राइलमध्ये टाकून अभिक्रिया थांबवतात. त्यातच अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठराविक मात्रेत घातलेला दुसरा पदार्थ) असते. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घेतात, पण तो पाण्याने पातळ करूनच इंजेक्ट करावा, नाहीतर लवकर बाहेर पडणारे पीक फाटतात.

५० × २.१ मिमीचा सी-१८ (१८ कार्बनच्या साखळ्यांचा थर असलेला) कॉलम, ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल आणि दोन-तीन मिनिटांचा ग्रेडियंट (वाहत्या द्रवातले ॲसिटोनायट्राइल हळूहळू वाढवणे) सहसा पुरतो. ट्रिपल क्वाड्रुपोलवर (आयन निवडून, तोडून त्याचा तुकडा मोजणाऱ्या यंत्रावर) मूळ आयन व त्याचा तुकडा अशी जोडी धरतात: व्हेरापामिलसाठी ४५५ → १६५, मिडाझोलामसाठी ३२६ → २९१. उरलेल्या टक्क्यांचा नैसर्गिक लॉगॅरिथम वेळेविरुद्ध मांडला की उतारातून घटीचा दर मिळतो. दर मिनिटाला ०.०४६२ असेल तर अर्धायु १५ मिनिटे आणि अंगभूत क्लिअरन्स (एन्झाइमांची औषध मोडण्याची क्षमता; दर भागिले प्रथिन) ९२.४ मायक्रोलिटर/मिनिट/मिग्रॅ.

एम/झेड निवडताच काम झाले, क्रोमॅटोग्राफी उरकली तरी चालेल, हा समज महागात पडतो. बफरमधले फॉस्फेट आणि मायक्रोसोमच्या पटलांतले फॉस्फोलिपिड औषधासोबतच बाहेर पडले तर आयनीकरण दबते. म्हणून सुरुवातीचे अर्धे मिनिट प्रवाह मास स्पेक्ट्रोमीटरऐवजी वेस्टकडे वळवतात. फॉस्फोलिपिड मात्र उशिरा निघतात, त्यामुळे शेवटी कॉलम जास्त ॲसिटोनायट्राइलने धुवावाच लागतो. एन-ऑक्साइडचा (औषधातल्या नायट्रोजनला ऑक्सिजन जोडून बनलेल्या रेणूचा) फसवेपणा वेगळा: तापलेल्या सोर्समध्ये (आयन बनतात त्या भागात) तो ऑक्सिजन गमावतो आणि मूळ औषधाचाच एम/झेड दाखवतो. दोघे कॉलमवर सुटे झाले नाहीत, तर मोडलेले औषध शाबूत दिसते.

एनएडीपीएचविना ठेवलेल्या नमुन्यातही औषध घटले, तर दोष ऑक्सिडेशनचा नाही. एस्टरेज (एस्टर तोडणारे एन्झाइम), रासायनिक अस्थैर्य किंवा प्लास्टिकला चिकटणे तपासावे.

चयापचयी (शरीरात औषध बदलून बनणारे रेणू) ओळखायचे असतील तर ऑर्बिट्रॅपसारखे उच्च विभेदनाचे यंत्र लागते. मिथिल गट वाढला तर वस्तुमान १४.०१६ ने वाढते, सीएच२ चे कार्बोनिल झाले तर १३.९७९ ने, क्वाड्रुपोलला दोन्ही १४च. तुकड्यांवरून बदल रेणूच्या कोणत्या भागात झाला ते कळते, नेमका कार्बन मात्र बहुधा एनएमआरनेच (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनादाने) ठरतो.