जुनी गाडी विकताना: आरसीवरून नाव उतरेपर्यंत लागणारी कागदपत्रं आणि अर्ज अडतो त्या जागा

पैसे खात्यात आले, चावी दिली, की विकणाऱ्याच्या दृष्टीने व्यवहार संपला. आरटीओच्या नोंदीत मात्र अजून काहीच घडलेलं नसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. कर्जावरच्या किंवा भाडेकरारावरच्या गाडीपुरता थोडा अपवाद आहे, बाकी नियम सरळ आहे. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. त्या प्रकरणातली गाडी २००७ मध्ये विकली गेली होती आणि पुढे हातोहात फिरत राहिली. २००९ मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली ती मूळ मालकावर, कारण आरसीवर नाव त्याचंच होतं. नोटरी केलेला करारनामा, पैसे मिळाल्याची पावती, साक्षीदार हे सगळं जपून ठेवाच, पण त्याने आरसीवरचं नाव बदलत नाही.

मुदतीपासून सुरुवात करू, कारण ती जवळजवळ प्रत्येकजण चुकीची वाचतो. "महिनाभर वेळ आहे" हे वाक्य अर्धंच खरं आहे. कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि त्याची प्रत घेणाऱ्याला द्यायची असते. ३० दिवस आहेत ते घेणाऱ्याला. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात. म्हणजे ही दोन माणसांची दोन वेगळी कामं आहेत. "तो करेल ना नावावर" म्हणून विकणारा निवांत बसला, तर स्वतःचं काम त्याने केलेलंच नसतं. आणि हे दिवस हस्तांतरापासून मोजायचे, शेवटचा चेक वटल्यापासून नाही.

फॉर्म दोनच, घोळ सह्यांचा

फॉर्म २९ म्हणजे "ही गाडी मी अमुक व्यक्तीला दिली" अशी विकणाऱ्याची सूचना, तिच्या दोन प्रती. फॉर्म ३० म्हणजे मालकी बदलाचा अर्ज. त्यावर दोघांच्या सह्या लागतात, आणि गाडीवर कर्ज चालू असेल तर फायनान्सरची संमतीही. सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन (नसेल तर फॉर्म ६०), घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग फॉर्म २६ भरून डुप्लिकेट आरसी, आणि मग पुढचं. फी किती ते सरकारचं परिवहन पोर्टल अर्ज भरतानाच दाखवतं. त्यावर कोणी जे काही मागेल ते त्याच्या धावपळीचे पैसे, सरकारी फी नव्हे.

इथवर कोणी अडत नाही. माणसं अडकतात ती कोऱ्या सह्यांत. गाडी एजंटाकडे किंवा एक्स्चेंजमध्ये दिली की हमखास ऐकू येतं, "टीटीच्या (म्हणजे मालकी हस्तांतराच्या फॉर्मच्या) सेटवर सह्या करून ठेवा, नाव आणि तारीख आम्ही टाकतो." असं का, हे समजून घ्या. एजंटाला गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची नसते. गिऱ्हाईक सापडेपर्यंत तुमच्याच नावावर ती उभी राहते, फिरते, टेस्ट ड्राइव्हला जाते. पुढे गिऱ्हाईक मिळाल्यावर त्याचं नाव घातलं जातं. मधल्या महिन्यांत गाडीने काही केलं तर पोलिसांच्या नोंदीत मालक तुम्ही, आणि तुमच्याकडे पुरावा काय, तर कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख तुमच्यासमोर लिहिली जात नसेल तर सही करू नका. समोरचा रागावेल, चार दिवस व्यवहार लांबेल, लांबू द्या.

यावर सरकारने एक चांगली सोय केली आहे, पण ती विकणाऱ्यांना फारशी माहीत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५-अ ते ५५-ह हे नियम घातले गेले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते फॉर्म २९-ब मध्ये मिळतं आणि ५ वर्षं चालतं. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९-क मध्ये पोर्टलवर सूचना द्यायची. ती गेली की कायद्याच्या दृष्टीने मालक तो डीलर ठरतो, आणि पुढचं हस्तांतर, एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), डुप्लिकेट आरसी हे अर्ज तोच करू शकतो. तेव्हा गाडी देण्याआधी अधिकारपत्राची प्रत मागा, मुदत बघा आणि २९-क ची पोच हातात घ्या. "आमच्याकडे ते नाही, पण वीस वर्षं धंदा आहे" असं उत्तर आलं, तर तुम्ही एका खासगी माणसाला गाडी विकताय असं समजा आणि २९-३० पूर्ण भरूनच चावी द्या. नव्या गाडीवरचा एक्स्चेंज बोनस जुनी आरसी नव्या नावावर झाल्याची प्रत दिल्यावरच मिळणार असेल, तर ती प्रत कोण आणि कधी देणार हेही बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या.

ओटीपी जातो कोणाला?

अर्जाचा बराचसा भाग आता परिवहन पोर्टलवर भरला जातो आणि ओटीपी येतो नोंदणीशी जोडलेल्या मोबाइलवर. हा नंबर पुष्कळदा मालकाचा नसतोच. गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या किंवा एजंटाच्या माणसाने स्वतःचा टाकलेला असतो, किंवा मालकाचंच कधीचं बंद पडलेलं सिम असतं. विकायचा विचार मनात आला त्या दिवशीच हे तपासा. पोर्टलवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख देऊन मोबाइल बदलता येतो. आणि "साहेब, एक ओटीपी आलाय, सांगा जरा" असा फोन आला तर तो कशासाठी आहे आणि अर्जात घेणारा म्हणून कोणाचं नाव आहे, ते वाचल्याशिवाय सांगू नका. तो आकडा म्हणजे तुमची सहीच आहे.

नावातला फरक हे अर्ज परत पाठवण्याचं दुसरं नेहमीचं कारण. आरसीवर आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव. लग्नाआधीच्या नावावर घेतलेली स्कूटर आणि आता सगळी ओळखपत्रं सासरच्या नावाची. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद असेल तर आधीच जोडा. खिडकीवर तीन तास उभं राहून "हे आणा" ऐकण्यात काही अर्थ नाही, आणि सगळं एकदाच सांगणारी खिडकी अजून कोणाला सापडलेली नाही.

बोजा, चलान, पाटी

कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा उतरला असं नाही. बँकेचं "येणे बाकी नाही" हे पत्र कपाटात पडून असतं आणि आरसीवर बँकेचं नाव तसंच. त्यासाठी फॉर्म ३५ च्या दोन प्रती, त्यावर बँकेची आणि मालकाची सही, सोबत बँकेचं पत्र. पत्रावर मुदत लिहिलेली असेल तर आधी ती वाचा. मुदत उलटली की नवीन पत्र. खरी पंचाईत होते ती बँकच उरलेली नसते तेव्हा. उदाहरणार्थ, देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. आरसीवर देना बँक असेल तर पत्र आणि सही आता बडोदाची लागेल. पतसंस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळली जात असेल, तर सहीचा अधिकार ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे असतो, जुन्या व्यवस्थापकाची सही चालत नाही. हे काम दिवसांत होत नाही, महिने जातात. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी बोजा उतरवा.

थकलेली ई-चलानं आधीच भरा. चलान बाकी असलं किंवा गाडीवर पोर्टलमध्ये ब्लॅकलिस्टचा शेरा असला की अर्ज पुढे सरकत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या, तिच्याशिवायही काम अडतं. गाडी १५ वर्षांची झाली असेल तर आधी फॉर्म २५ भरून पुनर्नोंदणी, ती ५ वर्षांसाठी मिळते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही आहे. सौदा ठरवतानाच हा खर्च कोणाचा ते बोला. एरवी पैसे घेऊन झाल्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर

फॉर्म २८ भरून एनओसी घ्यावी लागते. कलम ४८ असं सांगतं की अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत अधिकाऱ्याने एनओसी द्यावी किंवा कारण लिहून नाकारावी. यांपैकी काहीच केलं नाही तर ती दिली असंच धरलं जातं. प्रत्यक्षात मिळतं ते तोंडी "पुढच्या आठवड्यात या". म्हणून अर्जाची तारीख घातलेली पोच हवीच, तिच्याशिवाय ३० दिवस मोजणार कुठून?

त्याहून मोठा गैरसमज मात्र अर्जदारांचाच आहे. एनओसी मिळाली की आपण सुटलो असं त्यांना वाटतं. एनओसी ही फक्त नेण्याची परवानगी. घेणाऱ्याने तिकडच्या कार्यालयात ती जमा करून मालकी बदलली नाही, तर आरसीवर नाव तुमचंच राहतं, आणि गाडी परराज्यात असल्यामुळे शोध घेणंही अवघड होतं. एनओसी देताना फॉर्म २९ आणि ३० सुद्धा पूर्ण भरून सही करून द्या, प्रती ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा.

विमा आणि फास्टॅग

कलम १५७ प्रमाणे गाडीसोबत तृतीय पक्षाचा विमा घेणाऱ्याकडे गेला असं मानलं जातं. पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी त्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असा आपोआप जात नाही. गाडी ठोकल्यावर क्लेम नाकारला जातो तो बहुतेकदा इथेच: आरसी एकाच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तुमचा तुम्ही राखून ठेवा, कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते ३ वर्षांपर्यंत नव्या गाडीला वापरता येतं.

फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिथे बंद करा, नुसता काचेवरून खरवडून काढून भागत नाही. टॅग गाडीच्या नंबराला जोडलेला असतो. तुमचा चालू राहिला तर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल आणि घेणाऱ्याला नवा टॅगही काढता येणार नाही.

ताबा देताना

ताबा पावती करा, दोन प्रतींत. तारखेसोबत वेळही लिहा. संध्याकाळी सहाला दिलेल्या गाडीचं त्याच रात्रीचं चलान आलं तर ती वेळच उपयोगी पडते. गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, मीटरवरचे किलोमीटर, रक्कम आणि ती कशी मिळाली, दिलेल्या चाव्या आणि कागद, घेणाऱ्याचा पत्ता, त्याच्या ओळखपत्राची आणि लायसन्सची सही केलेली प्रत. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. आयकर कायद्यात ते बंद आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे इथे तुम्हाला, घेतलेल्या रकमेइतका होतो.

मालक हयात नसेल तर

वडिलांच्या नावावरची गाडी थेट विकता येत नाही, वडिलांच्या जुन्या सह्यांचे फॉर्म घरात सापडले तरी. ते वापरू नका, सरळ फौजदारी गुन्हा आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत वारसाने गाडी वापरणार असल्याचं कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करायची, मग विकायची. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांची लेखी संमती. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीची नोंद करता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गाडीवर ती आजच करून टाका.

घेणारा नावावर करतच नसेल तर

फोन उचलत नाही, "करतो हो" म्हणतो, पुढे गाडी तिसऱ्यालाच विकलेली असते. अशा वेळी तुमच्या हातातलं काम तुम्ही पूर्ण करा. फॉर्म २९, ताबा पावती आणि पैसे मिळाल्याचा बँकेचा उतारा जोडून आरटीओत लेखी अर्ज द्या. आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. १४ दिवस उलटून गेले असले तरी द्या, उशिराची सूचना अजिबात नसण्यापेक्षा बरी. घेणाऱ्याला त्याच्या पावतीवरच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पाकीट परत आलं तर न उघडता ठेवा. तरीही चलानं येत राहिली तर प्रत्येक चलानावर पोर्टलवरून तक्रार नोंदवा आणि ताबा पावती जोडा. गाडी कुठे आहे हेच कळत नसेल तर हीच सगळी फाइल घेऊन पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या. नवी आरसी दुसऱ्याच्या नावावर दिसेपर्यंत यातला एकही कागद रद्दीत जाऊ देऊ नका, आणि दिसल्यावर त्या नोंदीचा स्क्रीनशॉट तारखेसकट याच फाइलीत लावा.