चाफ्याची फांदी खोचली की जगते, पण कुठल्या चाफ्याची?

दरवर्षी जूनचा पहिला पाऊस झाला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "अगं चाफ्याची फांदी लावली होती, महिनाभर हिरवी होती आणि मग काळी पडून गेली, काय चुकलं?" मी आधी एवढंच विचारते की चाफा कुठला. त्यावर उत्तर ठरलेलं, "चाफा गं, आपला नेहमीचा." आता नेहमीचा म्हणजे एकाच्या घरी सोनचाफा आणि दुसऱ्याच्या घरी देवचाफा, आणि या दोन झाडांचा एकमेकांशी नावापलीकडे काडीचा संबंध नाही.

सोनचाफा काय असतो ते सांगत बसत नाही. वसईहून पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात येतो तो, पिवळाधमक, रुमालात ठेवला तर दोन दिवस रुमालाला वास राहतो. हे मॅग्नोलियाच्या कुळातलं झाड, इथलंच, आणि संस्कृत कवी ज्याच्याकडे भुंगा फिरकत नाही म्हणतात तो चंपक हाच. देवचाफा, ज्याला कोणी खुरचाफा म्हणतात कोणी खैरचाफा, तो देवळाच्या आवारात वाकडातिकडा वाढलेला, जाड फांद्यांचा, पाच पाकळ्यांचा. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचा आणि कण्हेरीच्या कुळातला. नर्सरीत प्लुमेरिया किंवा फ्रांजीपानी म्हणून जो जास्त पैशाला विकतात तो हाच, वेगळा काही नाही. हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा यांच्यात मी आत्ता शिरतच नाही, कारण आपल्याकडे वास घमघमला की चाफा म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे आणि भुईचाफा तर हळदीच्या कुळातला कंद आहे.

फुलं, पानं, रंग यात कोणाचाच घोटाळा होत नाही, समोर आलं की कळतं. घोटाळा होतो तो झाड वाढवताना, कारण "चाफ्याची फांदी खोचली की जगते" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, ते शंभर टक्के खरं आहे आणि ते फक्त देवचाफ्याबद्दल आहे.

देवचाफ्याच्या फांदीत पाणी आणि चीक भरलेला असतो, त्या साठ्यावर ती दोन-दोन महिने मुळांशिवाय तग धरते. एक फुटाची जून, करड्या सालीची फांदी घ्यायची (कोवळा हिरवा शेंडा नको, तो सडतो), पानं काढून टाकायची आणि आठ-दहा दिवस सावलीत नुसती पडू द्यायची. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं ताजी ताजी लावली तर बरं, पण कापलेल्या तोंडाशी चीक वाळून खपली धरली नाही तर तिथूनच बुरशी आत शिरते. मग वाळू जास्त असलेल्या मातीत तीन-चार इंच खोल लावायची आणि पाणी अगदी बेताचं. माझ्या मते फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ, पावसाळ्यात लावूच नये, पाऊस आला की लावायचं ही सवय या झाडापुरती सोडा. आणि चिकाचा हात डोळ्याला लावू नका, चांगलाच झोंबतो.

सोनचाफ्याची फांदी अशी खोचून घरच्या घरी मुळं धरत नाही. लाखात एखाद्याची जगली असेल तर असो, पण त्या भरवशावर कोणाच्या झाडाच्या फांद्या मोडू नका. माझ्या आत्याच्या दारातला सोनचाफा पाहुण्यांनी "एक फांदी नेते हं" करत करत एका बाजूने बोडका केला होता, आणि त्या फांद्यांपैकी एकीचंही झाड झालेलं मी बघितलं नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण झाडाचंही नुकसान आणि नेणाऱ्याच्या हातातही काही नाही. सोनचाफा हवा असेल तर दोनच रस्ते, बी नाहीतर कलम. बी म्हणजे लाल गर असलेले ते दाणे, गर धुऊन लगेच पेरायचे, ठेवून दिले की उगवण जाते. आणि उगवलं तरी फूल दिसायला आठ-दहा वर्षं धरून चाला. कलम म्हणजे अशाच बियांच्या रोपाच्या खुंटावर चांगल्या फुलणाऱ्या झाडाची काडी बांधलेली. ती काडी वयात आलेल्या झाडाची असते म्हणून कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं, कधीकधी कुंडीत हातभर उंचीलाच.

आणि इथेच फसवणूक होते. मी एका नर्सरीतून कलमाचे पैसे देऊन आणलेलं झाड सहा वर्षं नुसतं पानं काढत वर गेलं, ते साधं रोप होतं. तेव्हापासून मी खोड बघितल्याशिवाय पिशवी उचलत नाही. मातीपासून वीतभर वर सांध्याची गाठ दिसली पाहिजे, वरच्या खालच्या सालीत थोडा फरक दिसतो, बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पट्टीचा वळही असतो. घरी आणल्यावर त्या गाठीच्या खालून फूट आली तर लगेच काढायची, ती खुंटाची फूट असते आणि जोर धरून वरचं कलम मारून टाकते, मग तुमच्याकडे राहतं ते पुन्हा आठ-दहा वर्षांचं रोप.

आता ज्यांना नवीन फूल तयार करायचं वेड आहे त्यांच्यासाठी. आधी एक, सोनचाफा आणि देवचाफा यांचा क्रॉस होत नाही, कुळंच वेगळी आहेत, कोणी असं रोप विकत असेल तर चक्क उठून या. सोनचाफ्याचा क्रॉस त्याच्या जवळच्या नातेवाइकाशी होतो, पांढरा सोनचाफा म्हणून जो मिळतो तो असाच संकर आहे आणि त्याला बी जवळजवळ धरत नाही म्हणून तोही कलमानेच वाढवतात. पण घरच्या हौशीला दहा वर्षं एका फुलासाठी थांबणं मला परवडणारं वाटत नाही. सोनचाफा कलम आणून वास घ्यावा, प्रयोग देवचाफ्यावर करावेत.

कारण देवचाफ्यात फांदी म्हणजे तेच झाड आणि बी म्हणजे नवीन झाड, हा हिशोब इतका सरळ आहे. आवडलेलं फूल हवं तर फांदी लावा. बी लावलं तर रंग, वास, पाकळी काहीही येईल, म्हणून अमुक नावाच्या जातीच्या बिया असं लिहून जे विकतात ते चूक आहे, बियांतून ती जात येतच नाही, आणि निळ्या चाफ्याच्या बिया ही तर शुद्ध लूट आहे, तसा निळा चाफा अस्तित्वातच नाही. हाताने परागण करणं किचकट आहे कारण सगळा कारभार फुलाच्या नळीच्या पार तळाशी असतो, फूल उभं चिरून पराग आतल्या टोपीच्या, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाच्या, खालच्या कडेला लावावे लागतात, वर लावले तर काही होत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर बिल मोराग्ने यांनी १९५०च्या दशकात असं हाताने परागण करून रोपं केली, त्यातल्या निवडक झाडांना घरातल्या बायकांची नावं दिली आणि ती आजही फांदीनेच जगभर फिरतायत.

राहिलं पाण्याचं. देवचाफा हिवाळ्यात पानं टाकून नुसता सांगाडा होतो, ती त्याची झोप आहे, घाबरून पाणी ओतलं की मुळं कुजतात. सोनचाफा मात्र सदाहरित, त्याने सगळी पानं टाकली तर खरंच काहीतरी बिघडलंय, कुंडीचं भोक तुंबलंय का ते आधी बघा. छाटणीतही तसंच, देवचाफ्याला फूल शेंड्याला येतं म्हणून शेंडा खुडला की त्या फांदीचं फूल गेलं, सोनचाफ्याला पानाच्या बेचक्यात येतं.

आणि देवचाफ्याला शेंग धरलीच, बैलाच्या शिंगांसारखी जोडी असते, तर आठ-नऊ महिने हात लावू नका, फक्त पिकायला आली की मच्छरदाणीचं कापड गुंडाळून दोरा बांधा. बियांना पंख असतात, दुपारच्या उन्हात शेंग तडकली की संध्याकाळपर्यंत एकही सापडत नाही.