धर्मव्यवहारातील राज्याचा हस्तक्षेप

धर्मनिरपेक्ष राज्याने धर्माच्या कारभारात केव्हा आणि कुठवर हात घालावा, याची चौकट भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ व २६ मध्ये आहे. धर्मस्वातंत्र्य हे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन असून, धर्माशी निगडित ऐहिक व्यवहारांच्या नियमनासाठी आणि समाजसुधारणेसाठी राज्याला कायदा करता येतो.

पुण्यात हा वाद संविधानाहून जुना आहे. १८९१ च्या कायद्याने मुलींचे शरीरसंबंधासाठीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले, तेव्हा रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार देऊन कायद्याची बाजू घेतली, तर परक्या सरकारने यात पडू नये, असा आग्रह लोकमान्य टिळकांनी धरला. शास्त्र काय सांगते आणि सरकार कोणाचे, यावरच वाद रंगला. जिच्यासाठी कायदा होता ती मुलगी त्यात कडेलाच राहिली. पुढे १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्यांनी सत्याग्रह केला, पण दार उघडले नाही. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याची तरतूद पुढे अनुच्छेद २५ मध्येच आली.

देवस्थानाची दानपेटी, जमीनजुमला आणि विश्वस्तांच्या नेमणुका या ऐहिक बाबी ठरतात. म्हणून १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये त्यांचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, आणि पूजा कशी करावी हे मात्र ते कार्यालय सांगत नाही. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरही हीच रेघ दिसते: बाराच्या ठोक्याला पोलीस स्पीकर बंद करायला लावतात, पण मिरवणूक पुढे सरकतच राहते.

अवघड प्रश्न श्रद्धेचा गाभा ठरवण्याचा आहे. उडुपीच्या शिरूर मठ खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने तो त्या धर्माच्या शिकवणुकीवरून ठरवावा असे म्हटले. परिणामी न्यायाधीशांनाच धर्मशास्त्र्याच्या गादीवर बसावे लागते, आणि ती गादी त्यांना फारशी मानवलेली नाही. त्यामानाने होणारी इजा मोजणे सोपे असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी संमत झालेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वाटेने जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे त्याच्या अनुसूचीत नोंदले आहेत. प्रदक्षिणा, वारी, हरिपाठ, कीर्तन आणि भजन यांना कायदा हात लावत नाही.