जुना सिंथ बेसूर होतो तेव्हा

‘आयसी (आतली चिप) गेला असणार, बदलून टाका.’ जुना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटांतून स्वर घडवणारं कीबोर्डचं वाद्य, सुरात राहत नाही म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका तरुण संगीतकारालाही तो मिळाला. घरातल्याच एका खोलीत त्याचा स्टुडिओ आहे. एसीची घरघर माइकमध्ये जाते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो एसी बंद ठेवतो. मे महिन्यात बंद खोली किती पटकन तापते हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. खोली तापली की त्याच्या सिंथचे वरचे स्वर उतरू लागतात, एसी लावला की हळूहळू जागेवर येतात. मेलेला आयसी गारव्याने असा जिवंत होत नाही. ‘अ‍ॅनालॉग यंत्राला आत्मा असतो, तो असाच हलणार’ हे दुसरं लाडकं उत्तरही मला पटत नाही. जे घडतं त्याचं गणित मांडता येतं, आणि ते फार देखणं आहे.

रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला सिंथेसायझर उभा केला. भारतातही तो लवकर पोचला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूगची यंत्रणा बसवली गेली होती. या घराण्याचा नियम साधा आहे: कीबोर्डमधून निघणारं व्होल्टेज १ व्होल्टने वाढलं की स्वर एक सप्तक वर जातो, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होते. (कॉर्ग कंपनीचा एमएस-२० हा सिंथ वेगळा नियम पाळतो, तो इथे बाजूला ठेवू.) सप्तकात १२ स्वर, म्हणून दोन शेजारच्या स्वरांत ८३.३ मिलिव्होल्टचं अंतर पडतं. या अंतराचे १०० भाग केले की एक सेंट, म्हणजे १ मिलिव्होल्टहूनही कमी. तयार कानाला ५-६ सेंटची चूक कळते. म्हणजे या यंत्रात ५ मिलिव्होल्ट इकडचे तिकडे झाले तरी गाणारा मान वर करून बघतो.

खरी गंमत पुढे आहे. व्होल्टेज बेरजेने वाढतं, कंपनसंख्या मात्र गुणाकाराने वाढायला हवी. बेरजेचा गुणाकार करून देणारा स्वस्त भाग कोणता? एक साधा ट्रान्झिस्टर. त्याच्या बेस आणि एमिटर यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांपुढे ऊर्जेचा एक बांध असतो. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत धडपडत असतात, पण बांध ओलांडण्याइतकी ऊर्जा त्यांतल्या थोड्यांकडेच असते. बांध सारख्या पायऱ्यांनी कमी करत गेलात तर ओलांडणाऱ्यांची संख्या सारख्या पटींनी वाढते. बोल्ट्झमन यांचा हा नियम. बेसवरचं व्होल्टेज वाढवणं म्हणजेच बांध कमी करणं. खोलीच्या तापमानाला दर १८ मिलिव्होल्टला प्रवाह दुप्पट होतो. म्हणून कीबोर्डचा १ व्होल्ट रेझिस्टर लावून १८ मिलिव्होल्टवर उतरवतात आणि ट्रान्झिस्टरला देतात. त्याचा प्रवाह एका कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, भरत नेतो, तो भरला की झटक्यात रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. करवतीच्या दातांसारखी जी लहर निघते, ती आपल्याला स्वर म्हणून ऐकू येते. प्रवाह दुप्पट झाला की कपॅसिटर निम्म्या वेळात भरतो, स्वर एक सप्तक वर.

पण हा नियम उष्णतेवरच उभा आहे, म्हणून ट्रान्झिस्टर एकाच वेळी संगणकही आहे आणि तापमापकही. तापमानाचा परिणाम दोन वाटांनी येतो. पहिली वाट रांगडी आहे. प्रत्येक अंश सेल्सियसला ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने सरकतं. सप्तक १८ मिलिव्होल्टचं, त्यामुळे एका अंशाला स्वर एका अर्धस्वराहून जास्त चढतो. खोली ७ अंशांनी तापली तर पाऊण सप्तकाची चूक! उपाय असा, की एकाच चकतीवर बनवलेले दोन जुळे ट्रान्झिस्टर घ्यायचे आणि त्यांच्या व्होल्टेजमधला फरकच वापरायचा. दोघेही सारखेच सरकतात, वजाबाकीत सरकणं निघून जातं. एखाद्या जुन्या यंत्रात ही जोडी उडाल्यावर कुणी बाजारातले दोन सुटे ट्रान्झिस्टर बसवले असतील, तर पूर्ण यंत्राचा सूर दिवसभर भटकतो. दुरुस्तीला आलेल्या सिंथमध्ये हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यावं.

दुसरी वाट मात्र वजाबाकीने बंद होत नाही. १८ मिलिव्होल्ट हा आकडा स्वतःच केल्व्हिनमधल्या (निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या) तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ३०० केल्व्हिनच्या आसपास एक अंश वाढला की तो ३०० भागांत एक भागाने, म्हणजे ०.३३ टक्क्यांनी वाढतो. सप्तकाची पट्टीच ताणली जाते. कीबोर्ड पूर्वीइतकंच व्होल्टेज देतो, पण आता तेवढ्यात पूर्ण सप्तक पार होत नाही. चूक दर अंशाला दर सप्तकामागे ४ सेंट. आतलं तापमान २४ वरून ३१ अंशांवर गेलं आणि संदर्भस्वरापासून, म्हणजे ज्या स्वराला यंत्र जुळवलं त्यापासून, तुम्ही तीन सप्तकं वर वाजवत असाल, तर सूर ८० सेंटहून जास्त उतरतो. संदर्भाच्या खालचे स्वर उलट चढतात. आमच्या संगीतकाराचं दुखणं नेमकं हेच होतं.

यावरचा उपाय म्हणजे तापमानाबरोबर तेवढ्याच प्रमाणात, दर अंशाला ०.३३ टक्के, बदलणारा खास रेझिस्टर. त्याला टेम्पको म्हणतात. तो जुळ्या ट्रान्झिस्टरांना अक्षरशः चिकटून असावा लागतो, मध्ये उष्णतावाहक पेस्ट असते. वर्षानुवर्षांनी पेस्ट वाळते, किंवा दुरुस्तीत कुणीतरी रेझिस्टर बाजूला वाकवून ठेवतो. मग ट्रान्झिस्टर एका तापमानात, टेम्पको दुसऱ्या. पुढे आलेल्या सीईएम ३३४० सारख्या आयसींत ही भरपाई आतच केलेली असते. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये तर सूर स्वतःहून जुळवणारं बटणही आलं.

जाता जाता ४३२ हर्ट्झबद्दल. ४४० ऐवजी ४३२ ला सूर लावला की रोग बरे होतात, असा प्रचार मोबाइलवर जोरात चालतो. दोघांत फरक ३२ सेंटचा. जुना सिंथ तापताना एवढा प्रवास सहज करतो. शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे. त्या आकड्यात औषध नाही. आजारी माणसाने डॉक्टरकडेच जावं.

दोष शोधताना पहिला प्रश्न हा: सगळे स्वर सारखेच सरकले, की सप्तकाचं अंतर बिघडलं? सगळे सारखे सरकले तर आधी वीजपुरवठा तपासा. जपानहून आलेली बरीच यंत्रं १०० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे ती ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवली जातात. जास्तीचे व्होल्ट रेग्युलेटरमध्ये (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागात) उष्णता होऊन बाहेर पडतात आणि शेजारचा ऑसिलेटर, म्हणजे स्वर तयार करणारं सर्किट, शेकतो. सप्तक बिघडलं असेल तर आधी कीबोर्डचं व्होल्टेज मोजा. इथे स्वस्त मल्टिमीटर फसवतो, कारण २० व्होल्टच्या रेंजवर तो १० मिलिव्होल्टखालचं काही दाखवत नाही, म्हणजे १२ सेंटची चूक त्याला दिसतच नाही. कीबोर्ड बरोबर निघाला तरच ऑसिलेटरच्या ट्रिमरला (सूर जुळवायला फिरवायच्या छोट्या रेझिस्टरला) हात लावा, तोही यंत्र अर्धा तास चालवून आणि झाकण लावून. उघड्या झाकणावर पंख्याखाली लावलेला सूर झाकण बंद केल्यावर टिकत नाही. खालचा स्वर लावा, दोन सप्तकं वर जा, स्केलचा ट्रिमर थोडा फिरवा, पुन्हा खाली या. दोन्ही जुळेपर्यंत ही ये-जा चालू ठेवावी लागते. खोली गार असो वा गरम, फक्त सर्वांत वरचे स्वर उतरत असतील तर दोष तापमानाचा नाही. कपॅसिटर रिकामा व्हायला समजा १ मायक्रोसेकंद लागतो. १००० हर्ट्झला त्याने जेमतेम पावणेदोन सेंट जातात, ८००० हर्ट्झला जवळजवळ १४. त्यासाठी बऱ्याच यंत्रांत वेगळा ट्रिमर असतो.

पावसाळ्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत आणखी एक तक्रार येते: कळ सोडल्यावर विरत जाणारा स्वर घसरतो. त्या वेळी व्होल्टेज एका छोट्या कपॅसिटरवर धरून ठेवलेलं असतं. तो १० नॅनोफॅरडचा असेल आणि १ नॅनोअँपिअर गळती झाली, तर सेकंदाला ०.१ व्होल्ट, म्हणजे १२० सेंट जातात. एवढ्या गळतीला १५ व्होल्टच्या रेषेपासून १५ अब्ज ओहमची वाट पुरते, आणि जुलैच्या दमट हवेत बोर्डावर सोल्डरिंगनंतर राहिलेला जुना फ्लक्स ती सहज करून देतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुवावा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको, कारण हे कपॅसिटर बरेचदा पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यात ते विरघळतात. बोर्ड पूर्ण वाळल्यावर गळती पुन्हा तपासावी. मात्र मल्टिमीटर त्या कपॅसिटरला थेट लावू नये. मीटरच्या स्वतःच्या १० मेगाओहममधून त्याचा बराचसा चार्ज ०.१ सेकंदातच निघून जातो. पुढच्या बफरच्या, म्हणजे कपॅसिटरवर भार न टाकता व्होल्टेज पुढे देणाऱ्या सर्किटच्या, आउटपुटवर मोजावं.