मैलापाण्याचे वळसे

बाळगुटी उगाळताना घरातल्या मोठ्या बाईचं लक्ष सहाणेपेक्षा वळशांवर असतं. बदाम-खारकेचे दोन वळसे जास्त झाले तरी चालतं, वेखंड बेतानं, आणि जायफळाचा एकच. दुसरा घेतला तर पोर दुपारपर्यंत डोळा उघडत नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या खेड्यांतले मासेमार गेली नव्वदेक वर्षं असेच वळसे मोजत आले आहेत. त्यांच्या सहाणेवर वेखंड-जायफळ नसतं, शहराचं मैलापाणी असतं.

कोलकात्यातून रोज निघणारं ७५ कोटी लिटरहून जास्त सांडपाणी कालव्यांतून पूर्वेला जातं. वाटेत त्यातलं बरंचसं अडीचशेहून अधिक उथळ तळ्यांत वळवलं जातं. या तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. त्यांतून वर्षाला दहा हजार टनांच्या आसपास मासळी निघते, आणि शेजारच्या धापा भागात जुन्या कचऱ्याच्या जमिनीवर पिकणारी भाजी रोज १५० टनांच्या घरात असल्याचं सांगतात. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया, फ्लॉवर, पालक, मुळा, वांगी: मध्यम आणि गरीब कोलकात्याच्या ताटातला मोठा वाटा इथून येतो. ऐकून नाक मुरडलं जातं हे मला ठाऊक आहे, माझंही मुरडलं होतं.

हे पाणी पूर्वेला का जातं? शहर हुगळीच्या काठावर, मग घाण नदीत जायला हवी. पण गाळ वाहणारी नदी पुरात काठावरून बाहेर पडली की तिचा वेग मोडतो आणि जड वाळू काठाशीच बसते. हजारो वर्षांत काठ उंच होतो आणि मागची जमीन खोलगट राहते. कोलकाता अशाच उंचवट्यावर बसलंय, त्याचा उतार नदीकडे नसून नदीपासून दूर आहे. इंग्रज अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकात गटारं बांधली ती या उताराच्या कलानं, पूर्वेकडच्या खाऱ्या तलावांकडे. त्या तलावांत बिद्याधरी नदीतून भरतीचं पाणी यायचं, आणि तिथं भेटकी मिळायची. भेटकी म्हणजे आपला जिताडा, गोव्याचा चोणक.

मग बिद्याधरी गाळानं भरत गेली. १९२८ साली सरकारनं ती मेल्याचं जाहीर केलं. भरती बंद, म्हणजे खाऱ्या पाण्यातली मासेमारी बंद. तळी होती, माणसं होती, आणि आवाक्यात पाणी एकच उरलं होतं, शहराचं. १९३० च्या सुमारास कुणीतरी ते थोडं तळ्यात घेऊन पाहिलं आणि गोड्या पाण्यातला मासा त्यावर वाढला. मासेमारांना त्याआधी बरेच मासे मारावे लागले असणार, असा माझा अंदाज. पुढे १९४० च्या दशकात शहराचं पाणी कुल्टी नदीपर्यंत नेणारे नवे कालवे झाले. बानतला इथल्या दरवाजांनी त्यांतली पातळी उचलता येते, त्यामुळे पंपाशिवाय, नुसत्या उतारानं पाणी तळ्यांपर्यंत पोचू लागलं.

मैलापाण्याच्या हजार भागांत घाण जेमतेम एक भाग असते, बाकी सगळं पाणी. पण त्या एका भागाची भूक दांडगी असते. घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. घरगुती मैलापाण्याच्या एका लिटरला त्यासाठी साधारण २०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. आणि ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात, लिटरमागे असतो किती? फार तर साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर चांगल्या पाण्यातला ऑक्सिजन फस्त करू शकतं. तळ्याचं मैलापाणी आत घेणारं तोंड एक रात्र उघडं राहिलं तर सकाळी काय दिसेल ते यावरून कळावं.

तळं मरत नाही, कारण दुसरीकडून ऑक्सिजन येत राहतो. जिवाणूंनी घाण फोडली की अमोनिया, फॉस्फेट, कार्बन डायऑक्साइड मोकळे होतात. हेच सूक्ष्म शेवाळांचं खत. त्यांना ऊन मिळालं की ती भराभर वाढतात, पाणी हिरवं होतं, आणि प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सुटतो, जो पुन्हा जिवाणूंना लागतो. भेडी खोल का नसतात हेही इथंच समजतं. बहुतेकांत माणूस उभा राहू शकतो. खोल पाण्यात ऊन पोचलं नसतं, तळ सडला असता. मात्र शेवाळ बेसुमार माजलं तर तेही तळं मारतं, म्हणून ते खाणारं कुणीतरी हवं. मासे तेच करतात. सिल्व्हर कार्प पाणी गाळून शेवाळ खातो, कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चिखल उकरत. आणि तिलापिया मिळेल ते.

आता घड्याळाकडे पाहू. शेवाळाची कमाई दिवसाची आणि खर्च चोवीस तासांचा. रात्री ऊन नाही, पण शेवाळ, जिवाणू, मासे सगळे श्वास घेतच असतात. ऑक्सिजन पहाटेला सर्वांत कमी होतो. त्या वेळी मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर हवा ओढताना दिसले, तर बंगालीत म्हणतात, मासे ‘खाबी खात’ आहेत. यंत्राशिवाय ऑक्सिजन मोजायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. एखाददुसरा मासा दिसला तर तळ्याचं तोंड बंद करायचं, थवा दिसला तर ताजं पाणी शोधायला पळायचं. पाणी किती हिरवं हे पाहायला मत्स्यशेतीत सगळीकडे चालणारी युक्ती हाताची: कोपरापर्यंत हात बुडवायचा. तळवा स्वच्छ दिसला तर शेवाळ कमी, मनगटही दिसेना तर जास्त.

दुपारचा धोका वेगळा, आणि पहाटेपेक्षा फसवा. भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी अल्कधर्मी होतं, सामू (पीएच) ९ च्या पुढेही जातो. एका अर्थी हे फार चांगलं: असा सामू, भरपूर ऑक्सिजन आणि ऊन यांच्या माऱ्यात आतड्यातले रोगजंतू मोठ्या संख्येनं मरतात, क्लोरीनचा थेंब न टाकता. पण मैलापाण्यातल्या अमोनियाची दोन रूपं असतात, एक निरुपद्रवी, एक माशांच्या कल्ल्यांना विषारी. सामू ७ असताना शंभरातला एखादाच भाग विषारी रूपात असतो. तोच सामू ९ झाला की उबदार पाण्यात जवळपास निम्मा. तितकंच मैलापाणी सकाळी खत आणि दुपारी विष. ढगाळ दिवशी तर हिशेबच उलटा: ऊन नाही, शेवाळ कमावत नाही, म्हणून घाणही घ्यायची नाही. ‘सामू’ हा शब्द न उच्चारता हे सगळं सांभाळलं जातं.

वर्षाची सुरुवातही अशीच सावध असते. हिवाळ्यात तळं उपसून तळ उन्हात वाळवतात, गाळ उकरतात, चुना घालतात. मग पहिलं मैलापाणी घेऊन ते काही आठवडे नुसतं राहू देतात. मधूनमधून ढवळतात, म्हणजे तळाशी हवेविना सडणारं वर येतं. त्यानंतर सगळी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, एकदम सोडत नाहीत. आधी थोडेसे मासे सोडून बघतात. ते जगले तर पाणी तयार! प्रयोगशाळेतली विषबाधेची चाचणीही याहून फार वेगळी नसते. पुढे वर्षभर थोड्या थोड्या दिवसांनी मैलापाण्याचे छोटे हप्ते.

कडेला जलपर्णी असते, ती मुद्दाम ठेवलेली. पवना, इंद्रायणी, पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला हे वाचून चमकायला होईल. तिथं जलपर्णी म्हणजे संकट, इथं ती बांबूच्या आधारानं कडेच्या पट्ट्यात कोंडलेली असते. वाऱ्याच्या लाटा तिच्यावर मोडतात आणि मातीचा बांध झिजत नाही, चैत्र-वैशाखात मासा तिच्या सावलीत बसतो, आणि तिची झुपकेदार मुळं पाण्यातले जड धातू धरतात.

जिवंत मासळीला कोलकात्यात भाव जास्त. मासळी आणि बोटुकली ॲल्युमिनियमच्या हांड्यांतून हलवतात, आणि वाहणारा माणूस वाटभर हातानं पाणी थापटत, हलवत असतो. अनोळखी माणसाला वाटतं चाळा आहे. प्रत्येक थापेसरशी पाण्यात हवा मिसळते. तळ्यात जे काम शेवाळ करतं तेच इथं तळहात करतो.

भाजीची गोष्ट माशांपेक्षा जुनी आहे आणि, खरं सांगायचं तर, आज जास्त अडचणीची. धाप्याला शहराचा कचरा एकोणिसाव्या शतकापासून पडतोय. तेव्हाचा कचरा म्हणजे भाजीची देठं, माशांची खवलं, राख, शेण. कुजला की काळंभोर खत. कचऱ्याचे लांब पट्टे आणि त्यांच्यामध्ये पाण्याचे चर, ज्यांना तिथं ‘झील’ म्हणतात, अशी शेतं तयार झाली. चरात गाळ खाली बसतो, वरचं पाणी भाजीला. एका जमिनीतून वर्षाला अनेक पिकं, खत विकत न घेता.

पण कचरा बदलला. आता त्यात प्लास्टिक, बॅटऱ्या, रंगांचे डबे असतात. धाप्याच्या भाज्यांत, विशेषतः पालेभाज्यांत, शिसं आणि कॅडमियम सापडल्याचे अभ्यास आहेत. पालेभाजीच का? मुळांतून वर जाणाऱ्या पाण्याचा मोठा भाग पानांतून वाफ होऊन उडतो, धातू मागे पानातच राहतात. फळापर्यंत अन्न पोचतं ते दुसऱ्या नळ्यांतून, आणि तिथं धातूंची वाट बरीचशी अडते. म्हणून त्याच वाफ्यातलं वांगं पालकापेक्षा बरं. जिवाणूंना ऊन मारतं, धातूला नाही, तो फक्त जागा बदलतो. चामड्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या क्रोमियमचं तेच: तळ्यात तो बहुतांशी चिखलाला चिकटून बसतो, म्हणजे मासा सुटतो पण चिखल साचत जातो. घरच्या मैल्यावर चालणारी ही पद्धत कारखान्याच्या पाण्याला उपाय नाही.

मुंबईत रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणारा पालक आपण पाहिलेला आहे, आणि ‘तीच तर ही गोष्ट’ असं वाटू शकतं. तशी ती नाही. नाल्यातून भाजीवर पाणी अर्ध्या तासात पडतं. भेडीत त्याला ऊन खात कितीतरी दिवस राहावं लागतं, आणि तिथून सुटलेलं पाणी पुढे भाताच्या खाचरांत जातं. मुंबईनं आपलं पाणी वरळी-वांद्र्याहून तीन किलोमीटरांपेक्षा लांब नळांनी समुद्रात सोडलं, कोलकात्याकडे तसा समुद्र जवळ नव्हता. धाप्याचे चर मात्र भेडीइतके सावकाश नाहीत हे मान्य करायला हवं. तिथली भाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी.

शहराला या सगळ्याचा पत्ताच नव्हता. १९८० च्या सुमारास राज्य सरकारातले अभियंता ध्रुवज्योती घोष शहराचं मैलापाणी जातं कुठे याचा माग काढत इथवर पोचले, आणि मग उरलेलं आयुष्य त्यांनी याच पाणथळीला दिलं. २०१८ मध्ये ते गेले. तोवर पाणथळीचा मोठा तुकडा बुजला होता: आजचं सॉल्ट लेक उपनगर १९६० च्या दशकात हुगळीतला गाळ पंपानं आणून खाऱ्या तलावांवर टाकून उभं केलं. १९९२ साली कोलकाता उच्च न्यायालयानं उरलेली पाणथळ बुजवण्याला पायबंद घातला, २००२ मध्ये १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, २००६ मध्ये राज्यानं त्यासाठी वेगळा कायदा केला. भराव तरीही पडतात.

‘कोलकात्याचं मूत्रपिंड’ ही उपमा या जागेला फार वेळा दिली जाते. मला ती खटकते. मूत्रपिंडाला मजुरी लागत नाही. इथं गाळ काढणारे, बांध लिंपणारे, पहाटे काळोखात कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढणारे हजारो लोक आहेत. त्यांच्या त्वचेचे विकार, त्यांचा रोज, वरून जमिनीचे चढते भाव हे त्या उपमेत कुठेच बसत नाही. बिल्डरला तळं विकलं तर एका दिवसात जे मिळेल ते मासळीत मिळायला अनेक वर्षं जातील.

आणि आजची त्यांची तक्रार ऐकून बाहेरचा माणूस चक्रावतो. घाण येते ही तक्रार नाही, घाण पुरत नाही ही आहे. कालवे गाळानं उथळ झालेत, शेवटाकडच्या भेडींपर्यंत पाणी पोचत नाही. बानतलाचे दरवाजे बंद ठेवून पातळी उचलावी असं मासेमारांना वाटतं, तर पावसाळ्यात शहराला ते उघडे हवे असतात, नाहीतर रस्त्यांवर गुडघाभर पाणी. ज्या तळ्याला मैलापाणी मिळत नाही, तिथं शेवाळ धरत नाही. मग मालक पेंड आणि खत विकत आणतो, आणि त्याचा रोहू बाजारात शेजाऱ्यापेक्षा महाग पडतो.