एक सातबारा, पाच चुली : खातेफोडीची पार्श्वभूमी

पुरंदरमधल्या सात गावांत विमानतळाचं भूसंपादन निघालं, पुण्याभोवती रिंगरोडची आखणी झाली आणि आसपासच्या गावांत जो तो खातेफोडीच्या, म्हणजे सामाईक खात्यातला आपला हिस्सा वेगळा करून घेण्याच्या, मागे लागला. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, चुलीला नाही, एवढं कारण त्याला पुरतं. बातम्यांत हा विषय भाऊबंदकी म्हणून येतो. भाऊबंदकी आहेच, पण बऱ्याच घरांत तिची सुरुवात एका सरकारी संक्षेपापासून होते : ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर.

जमीन तुकड्यांत जाणं काही आजचं नाही. इंदापुरात १८३६ च्या सुमारास जमाबंदी झाली तेव्हा शेतसारा गावावर न लावता सर्व्हे नंबरावर लागला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात पुण्याच्या शेती कॉलेजच्या प्राचार्यांनी पिंपळे सौदागर हे गाव बांध न् बांध तपासलं. १७७१ मध्ये तिथलं सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतं, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१४-१५ मध्ये ७. (त्याच शिवारात आज फ्लॅटचा भाव चौरस फुटावर चालतो, तेव्हा एकराची गोष्ट तिथे कुणाला सांगून पटायची नाही.) राज्याची सरासरी १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन झाले.

यावर कायदा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात झाला आणि विरोधामुळे बारगळला. त्या विरोधातला एक मुद्दा १९१८ मध्येच एका तरुण प्राध्यापकाने मांडून ठेवला होता. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात भांडवल आणि अवजारं किती पडतात यावर ठरतं. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगांकडे वळवा. तुकडे कागदावर जोडून भागणार नाही. हे म्हणणं बाजूला पडलं आणि १९४७ ला तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. एकत्रीकरणातून 'गट नंबर' आले आणि त्याबरोबर कब्जा एकीकडे, नकाशा दुसरीकडे अशी प्रकरणंही आली. तो वेगळा विषय आहे.

आता ए.कु.मॅ. कडे येऊ. काही ठिकाणी ए.कु.क. लिहिलेलं असतं, तो 'कर्ता', अर्थ तोच. बाप वारला की वारसाचा फेरफार (नोंदीतला बदल) निघे. धाकटे अज्ञान (अल्पवयीन) असत, एखादा मुंबईला गिरणीत, बहिणी सासरी. सगळ्यांना चावडीवर आणण्यापेक्षा थोरल्याचं एकट्याचं नाव लावून पुढे ही तीन अक्षरं टाकणं सोयीचं होतं. सोसायटीचं कर्ज एका सहीवर मिळे, साऱ्याची पावती एक निघे. त्या काळच्या हिशेबाने हे शहाणपणाचंच होतं, कारण शेत, बैल आणि चूल तिन्ही एक होतं.

अडचण दुसऱ्या पिढीत आली. थोरला वारल्यावर त्याच्या वारसांचा फेरफार झाला आणि त्यात ए.कु.मॅ. गळालं. कधी नजरचुकीने, कधी सातबारा संगणकावर चढवताना, कधी (हेही म्हणायला हवं) जाणूनबुजून. कागद वाचणाऱ्याला वाटतं की जमीन थोरल्याच्याच पोरांची. कायदा तसं म्हणत नाही. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, त्याने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. धाकट्यांचा हिस्सा शाबूत असतो. पण पीककर्ज, भूसंपादनाची नोटीस, अनुदान हे सगळं नोंदीकडे बघून येतं. हक्क असलेला माणूस दिवाणी कोर्टात आणि नोंद असलेला बँकेत, असा हा खेळ आहे. वर कर्त्याला 'कायदेशीर गरजेसाठी' जमीन विकता येते, आणि ती गरज खरी होती की नाही यावरच वर्षं जातात.

बहिणींचं याहून वाईट झालं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांना बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, १९९४ मध्ये राज्याने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला जन्मानेच सहहिस्सेदार केलं. २००५ ला बाप हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तरी ए.कु.मॅ. च्या जुन्या फेरफारांत त्यांची नावं असलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात सापडतात. हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय त्यांचा हिस्सा सुटत नाही. साध्या कागदावरच्या सहीला किंमत नाही, आणि 'तिने साडीचोळी घेतली' याला तर मुळीच नाही.

योजनांनी 'कुटुंब' शब्दाचा आणखी गुंता केला. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या २०१९ च्या पीएम-किसान या केंद्रीय योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नावावर हवी. नंतर चालतो तो फक्त मृत्यूमुळे आलेला वारसा. म्हणजे सातबारा एकत्र कुटुंब मानतो, रेशनकार्ड चूल मानतं आणि योजना जोडपं मानते. तीन भाऊ एका ए.कु.मॅ. खाली असतील, तर तिघांपैकी नोंदीतला एकच दिसतो.

एवढं असून लोक वाटणी लांबवतात, कारण लहान शेत चालतं ते एकत्र हातांवर. पुरंदरचं अंजीर घ्या. ५ बाय ५ मीटरवर १० गुंठ्यांत ४० झाडं बसतात. मीठा बहार धरला की मार्च ते मे तोडा चालतो. फळ ऊन चढायच्या आत देठासकट, हलका पीळ देऊन काढायचं. ओढलं की मानेशी साल फाटते आणि दुपारपर्यंत फळ आंबतं. देठातला पांढरा चीक बोटांच्या बेचक्यात उतरला की कातडी सोलवटते, म्हणून हातमोजे नाहीतर खोबरेल. काढलेलं फळ रात्रभर ठेवायची सोय नाही. मग एक जाऊ तोडते, दुसरी प्रतवारी करते, पोरं शाळेआधी पाटीत पाला अंथरतात आणि पुण्याच्या गुलटेकडी बाजाराची गाडी चुकत नाही. चुली वेगळ्या झालेल्या घरांतही हे अडीच-तीन महिने चहा एकाच पातेल्यात होतो. दुभत्याचंही तसंच. धार दोन वेळची, तीही ठरल्या वेळेला. लग्नाला सगळे गेले तर गाय आटते. धाकट्याची बायको थोरल्याची गाय पिळते, आणि फॅट साडेतीनच्या खाली लागली तर ओला चारा जास्त झाला, कडबा वाढव, हेही तीच सांगते.

पाण्याची पाळी मात्र कागदापेक्षा जास्त भांडणं लावते. फीडरला तीन फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असेल आणि दोन भावांची पाळी सात-सात दिवसांची असेल, तर एकाच भावाच्या वाट्याला कायम रात्र येते. त्याला वाटतं मुद्दाम केलंय. पाळी पाच दिवसांची केली की रात्र दोघांत फिरते. नाहीतर दिवसांऐवजी विजेचे तास वाटावेत.

खातेफोडीचा कायदेशीर रस्ता संमती असेल तर सरळ आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे सर्व सहहिस्सेदारांचा अर्ज. सोबत सातबारा, ८-अ (खातेउतारा), वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि चतुःसीमेसह कच्चा नकाशा. नोटीस, जबाब, आदेश, मग तलाठ्याचा फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी पोटहिश्श्याची मोजणी. नोंदणीकृत वाटणीपत्राचा दुसरा मार्गही आहे. शेतजमिनीला मुद्रांक १०० रुपये, आणि नोंदणी फी २०२५ मध्ये माफ झाली. एकाचीही सही अडली की प्रकरण दिवाणी कोर्टात जातं. म्हणून मोजणी शेवटी न ठेवता आधी करून घेतलेली बरी. आदेशात २० गुंठे आणि जागेवर साडेअठरा निघाले, तर सगळं पहिल्यापासून.

आणि तुकडेबंदी आडवी येते ती इथेच. २०२३ पासून पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा वेगळा करता येत नाही ते) जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे आहे. अडीच एकर जिरायत म्हणजे १०० गुंठे. तीन भाऊ, दोन बहिणी, प्रत्येकी २०. बरोबर काठावर. यातला एक भाऊ वारला आणि मागे तीन वारस राहिले, तर प्रत्येकी पावणेसात गुंठ्यांच्याही आत, म्हणजे त्यांचा वेगळा सातबारा नाही. वारस म्हणून नावं लागतात, पण सामाईक. कायदा अशा हिस्सेदाराला जमिनीऐवजी पैशात भरपाई सुचवतो, पण तेवढे पैसे भावाकडे असते तर प्रश्नच नव्हता. गुंठेवारीने विकलेले तुकडे नियमित करण्याचं शुल्क बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आलं. ती सवलत प्लॉटवाल्याच्या कामाची, वाटणीतल्या पोराच्या नव्हे.

वाटणीपत्रात जमीन नीट लिहिली जाते, बाकीचं राहतं. विहिरीचा हिस्सा आण्यांत आणि 'इतर हक्कां'त यावा. पाइपलाइन कुणाच्या वाट्यातून जाते ते यावं. रस्त्याची रुंदी फुटांत यावी, नाहीतर पुढे रस्ता मागणारा कलम १४३ चा अर्ज ठरलेला. बांधावरचा आंबा कुणाचा तेही. आणि मोटारीचं वीज कनेक्शन. ते बहुतेक घरांत अजून आजोबांच्याच नावावर असतं, बिल थकल्याचं कळतं तेव्हा सगळे ते एकमेकांकडे ढकलतात.