नस दबली, पण कुठे?

नागपुरात हाताला मुंग्या यायला लागल्या की डॉक्टरच्या आधी शेजारीपाजारीच निदान करून मोकळे होतात. 'मानेची नस दबली असन जी.' मग मानेचा एक्स-रे, ऐपत असली तर एमआरआय, आणि गळ्यात पट्टा. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या मानेत काही ना काही झीज दिसतेच. ज्यांना कसलाही त्रास नाही त्यांच्याही मानेत दिसते. शेजाऱ्यांचं निदान असं कागदावर खरं ठरतं, आणि हात काही रात्री झोपू देत नाही.

नस दबली हे बरोबर आहे. पण रात्री जाग आणणाऱ्या मुंग्यांमागे बहुतेक वेळा मान नसते, मनगट असतं. तळहात जिथे सुरू होतो तिथे आठ छोट्या हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावरून एक जाड, न ताणणारा अस्थिबंध आडवा गेलेला आहे. हाच कार्पल टनेल. जेमतेम अंगठ्याएवढ्या रुंदीच्या या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्यासोबत मिडियन नर्व्ह नावाचा एकच मज्जातंतू जातो. कंडरांवरचं आवरण थोडं जरी सुजलं तरी बोगदा काही रुंदावत नाही. कंडरा चिवट असतात, त्यांना फरक पडत नाही. दबतो तो मज्जातंतू. या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

कोणता मज्जातंतू दबला हे बोटंच सांगतात. मिडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळतो. करंगळी त्याच्याकडे नाही. ती अल्नर नावाच्या दुसऱ्या मज्जातंतूची, आणि तो या बोगद्यातून जातच नाही. म्हणून 'पूर्ण हातच सुन्न पडून राहिला' म्हणणाऱ्याला शांतपणे एकेका बोटाबद्दल विचारावं. करंगळी बहुतेकदा सुटलेली असते. अनामिकेची मधल्या बोटाकडची कड बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर मानेचा संशय बराच मागे पडतो, कारण मानेतून निघणारी नस एका बोटाची अशी उभी वाटणी करत नाही. तळहाताच्या मधल्या भागाची संवेदनाही सहसा टिकून असते. तिची फांदी बोगद्याच्या अलीकडेच फुटते आणि वरून निघून जाते.

रात्रीचं काय? झोपेत आपण मनगट दुमडून घेतो, कुणी ते उशीखाली घालतं, कुणी गालाखाली. १९८१ साली अमेरिकेत गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी या बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो सरासरी अडीच मिलिमीटर पारा होता, रुग्णांमध्ये ३२. मनगट पूर्ण खाली दुमडल्यावर रुग्णांमधला आकडा ९४ वर गेला आणि मागे वाकवल्यावर ११० वर. मज्जातंतूतल्या बारीक शिरांमधून रक्त परतणं २० ते ३० मिलिमीटर दाबालाच मंदावतं. म्हणजे ज्याच्या बोगद्यात आधीच गर्दी आहे, त्याच्या मज्जातंतूचा झोपेत श्वास कोंडतो. जाग येते, माणूस उठून हात झटकतो आणि काही मिनिटांत बरं वाटतं. हे झटकणं इतकं नेमकं लक्षण आहे की डॉक्टर ते मुद्दाम विचारतात. गाडीचं हँडल धरल्यावर, मोबाइल कानाला लावल्यावर किंवा पेपर हातात धरून वाचताना मुंग्या येणं हीसुद्धा त्याच दाबाची गोष्ट.

मानेला दोष देण्याची चूक काही आपल्याकडचीच नाही. ब्रिटिश सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच मनगटाच्या हाडमोडीनंतर हा मज्जातंतू दबल्याचं लिहिलं होतं. फ्रान्समध्ये मारी आणि फ्वा यांनी १९१३ साली शवविच्छेदनात अस्थिबंधाच्या वरच्या कडेला सुजलेला मज्जातंतू पाहिला आणि हा बंध कापला तर फायदा व्हावा असंही सुचवलं. तरी पुढची कित्येक वर्षं अशा रुग्णांच्या मानेकडच्या जादा बरगडीवर ठपका ठेवला गेला, शस्त्रक्रियाही झाल्या. १९४७ मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन यांचा शोधनिबंध आणि १९५० नंतर क्लीव्हलँडच्या जॉर्ज फेलन यांचा पाठपुरावा, यानंतर कुठे मनगटाकडे लक्ष वळलं.

फेलन यांची चाचणी घरीही करता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली सोडून, कोपर वर ठेवून एक मिनिट थांबायचं. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. नाही आल्या म्हणून आजार नाही असं मात्र ठरत नाही. शंका राहिली तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट करतात: हलका विजेचा झटका देऊन संदेश मनगट ओलांडताना किती रेंगाळतो ते मोजायचं. नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या अस्थिरोग ओपीडीत तक्रार सांगताना 'हात दुखतो' एवढ्यावर थांबू नका. कोणती बोटं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

हा आजार होतो कुणाला? पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, वाढलेलं वजन, मनगटाची जुनी हाडमोड ही नेहमीची कारणं. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी साठतं तेव्हाही होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा आपोआप जातो. कामाचा संबंध आहे, पण तो जोर आणि कंप यांच्याशी जास्त. सावनेर-उमरेडकडच्या खाणीतलं ड्रिल मशीन हे सरळ उदाहरण. सैल कणीक आपटून-आपटून, हातांवर लांबवून, पालथ्या मडक्यावर लांब रोटी टाकणाऱ्या बायकांच्या मनगटांनाही जोर आणि पुनरावृत्ती दोन्ही असतात. कॉम्प्युटरच्या कीबोर्डची मात्र जेवढी बदनामी झाली तेवढा पुरावा त्याच्याविरुद्ध नाही.

मधुमेह्यांमध्ये एक गोंधळ हमखास होतो. साखरेमुळे होणारा बधिरपणा पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढतो. हातांची पाळी बऱ्याच उशिरा येते. पाय ठणठणीत आणि फक्त हाताची तीन-साडेतीन बोटं बधिर असतील तर 'शुगरमुळे होतं' म्हणून सोडून देऊ नये. दोन्ही एकत्र असू शकतात, हेही खरं.

आता उपचार. पहिला अगदी स्वस्त: रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट. औषध दुकानात क्रेप बँडेजचा जो मऊ पट्टा मिळतो तो नव्हे, आत पट्टी असलेला. अनेक स्प्लिंट मनगट मागे वाकवून ठेवतात. ती पट्टी सरळ करून घ्यावी, नाहीतर वर सांगितलेला ११० चा आकडा आठवावा. काही आठवडे नियमाने वापरल्यावर सौम्य त्रास असलेल्या बऱ्याच जणांची झोप परत येते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. बी-६ जीवनसत्त्वाने हा आजार बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि ते जास्त डोसमध्ये खूप दिवस घेतलं तर उलट मज्जातंतूंनाच इजा करतं.

बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन हा पुढचा टप्पा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन स्प्लिंटपेक्षा सरस ठरलं. सहा महिन्यांनी दोघांत फरक उरला नाही. आराम लवकर, पण टिकेलच असं नाही. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा आधी सांगून ठेवावं.

थांबायचं कुठवर, हा प्रश्न अंगठ्याकडे पाहून सोडवायचा. मज्जातंतू दबतो तेव्हा आधी त्याचं मायलिनचं आवरण खराब होतं. ते भरून येतं. दाब राहिलाच तर आतले तंतू मरू लागतात. शर्टाचं बटण लागत नाही, हातातून कप निसटतो, आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेली मांसल गादी चपटी होत जाते. एक विचित्र फसवणूक इथे होते: या टप्प्यावर दुखणं कधीकधी कमी होतं, कारण दुखणं सांगणारे तंतूच उरत नाहीत. 'आता बरंय' म्हणत माणूस घरी बसतो. बधिरपणा दिवसरात्र राहू लागला किंवा गादी खचली तर शस्त्रक्रिया लांबवण्यात शहाणपण नाही.

शस्त्रक्रियेत तो आडवा अस्थिबंध कापून छत मोकळं करतात. हात तेवढा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत होते. बहुतेक लोक त्याच दिवशी घरी जातात. नेदरलँड्समधल्या २००२ च्या एका तुलनेत दीड वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ९० टक्के आणि स्प्लिंटच्या गटातले ७५ टक्के समाधानकारक बरे होते, आणि स्प्लिंटवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी मधल्या काळात शस्त्रक्रियाच करून घेतली होती.

रात्रीची जाग बहुधा पहिल्या काही दिवसांतच थांबते. बधिरपणा जायला महिने लागतात, कारण मेलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. खचलेली गादी पूर्ण भरेल याची हमी कुणी देत नाही. तळहाताच्या मुळाशी दोन्ही बाजूंना काही आठवडे दुखतं, जोर लावताना जास्त. पकड पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने धरून चालावं. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची असतात, नाहीतर ती आखडतात. दोन्ही हातांना त्रास असेल तर बहुतेक सर्जन आधी जास्त बिघडलेला हात घेतात आणि दुसऱ्यासाठी काही आठवडे थांबतात. तोवर त्या हाताला रात्रीचा स्प्लिंट सुरूच ठेवायचा.